शुक्रवारचा चारा

आमच्याकडे याला चारा म्हणतात.
आमिष हा शब्द पेपरात येतो,
नोकरीचं, लग्नाचं, दामदुपटीचं.
मासोळीला आम्ही खाऊ घालतो.
मग जे होतं ते होतं.

तीन दिवसांचं खबूस, भिजवून घट्ट पिळलेलं.
डब्यातले छोले, साली काढून
वाटीच्या बुडाने रगडलेले.
रवा दोन मुठी.
मेसवाल्या कुंजुमोनला न विचारता घेतलेला हिंग.
आणि खजुराचा काळा पाक,
तो इथे पाण्यासारखा मिळतो
आणि पाणी
जाऊ द्या.

वैनगंगेवर झिंगरूमामा जवसाची ढेप घ्यायचा,
भाजून, कुटून, वर मोहफुलं,
आंबट होईस्तोवर झाकून ठेवलेली.
मडक्याचं तोंड उघडलं की म्हशी वळून बघायच्या.
मळून झालं की तो माझ्या कानाची पाळी चिमटायचा,
मग गोळा चिमटायचा,
मग पुन्हा पाळी.
"सारखंच लागते का बे?" मलाच विचारायचा.
मी हो म्हणायचो. कान लाल झालेला असायचा.

मोफिजुल सिलहटचा.
त्याच्या मते हिंगच चुकला.
त्यांच्याकडे रोहू मोहरीची ढेप मागते, कुजवलेली,
आणि एक कंद,
ज्याचं नाव त्याला हिंदीत येत नाही.
त्याने रिकामी बोटं नाकाजवळ नेली
आणि डोळे मिटले.
मी म्हटलं, समजलं.

दोघेही गोड्या पाण्याचे.
उम्म अल कुवैनच्या खोलीत, खालच्या पलंगावर,
रात्री साडेअकराला भांडलो
अशा माशासाठी, जो इथे नाही.

इथे बोय आहे.
चपट्या डोक्याची, बारक्या तोंडाची.
दाभोळचा लतीफ हसला,
"कणकेवर बोय? मग चपात्याच लाटा की,
भाजी मी आणतो."

पहिल्या शुक्रवारी गोळे खारात विरघळले.
नदी एकाच बाजूला जाते
एवढं तरी मी धरून चाललो होतो.
खोरातलं पाणी साडेचारला उठलं
आणि निघून गेलं.
आम्ही दोघं, दोन गऱ्या,
चिखलात उघडी पडलेली कांदळाची मुळं
आणि लांबवर चालणारा एक बगळा,
त्याला मात्र सगळं माहीत होतं.

मग मोफिजुलने स्वतःची उशी उसवली.
चिमूट चिमूट कापूस पिठात घातला.
आता गोळा तुटेना.
माझ्या कानाची पाळी मी स्वतःच चिमटून पाहिली.

मामा म्हणायचा, तीन दिवस नुसतं टाकायचं.
गरी नाही, दोरी नाही.
आधी ओळख.
मंगळवार, बुधवार, गुरुवार,
ड्युटी सुटल्यावर पंधरा मिनिटं चालत
मोडक्या धक्क्याच्या डाव्या अंगाला
वीस वीस गोळे.
तिसऱ्या दिवशी पाणी हललं.
वरून नाही, खालून,
भाताला पहिली उकळी येते तसं.
मोफिजुलने माझा दंड धरला.
दोघेही काही बोललो नाही.

गुरुवारी रात्री उरलेले फ्रीजमध्ये ठेवले.
सकाळी डबा अर्धा.
लाखनीचा शेंडे, येऊन आठच दिवस झालेला,
म्हणाला, "दादा, लाडू मस्त होते,
फक्त जरा धागे लागत होते."
मोफिजुल पलंगावर आडवा पडून हसत राहिला.
मी शेंडेला बाकीचेही देऊ केले.
त्याने घेतले.

हे सगळं सात वाजता.
सव्वासातला फोरमन आला,
शुक्रवार असूनही टोपी घालून.

आता चार वाजत आलेत.
चौदाव्या मजल्यावर, डक्टच्या पोटात,
मी पत्रा धरलाय, मोफिजुल रिव्हेट मारतोय.
खोर इथून दिसत नाही.
नखांत हिंग आहे अजून.
भरती पावणेचारची होती,
मी तक्ता पाहून ठेवला होता.

त्या आल्या असतील.
धक्क्याच्या डाव्या अंगाला,
वेळेवर,
तोंडं वर करून.
मोफिजुलने मशीन थांबवलं,
घड्याळ पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं
आणि पुढचा रिव्हेट उचलला.